युद्धकाळात ‘शत्रू देशाचा माणूस’: सरसकट कोंडायचा का एकेक तपासायचा?

कऱ्हाकाठ
मागच्या रविवारी पुरंदरला गेलो होतो. वर लष्कराचा ताबा आहे त्यामुळे गेटवर ओळखपत्र दाखवा, नोंद करा, मग सोडतात. माचीवर मुरारबाजींच्या पुतळ्यापाशी नमस्कार केला आणि पुढे ते इंग्रजांच्या काळातलं पडकं चर्च दिसलं. बरोबरची पोरं म्हणाली, काका इथे चर्च कशाला? तर इंग्रजांनी इथे लष्करी आरोग्यधाम केलं होतं वगैरे सांगितलं, पण पुढचं सांगितलं तेव्हा सगळे गप्पच झाले. दुसऱ्या महायुद्धात ह्याच गडावर जर्मन-इटालियन नागरिकांना बायकापोरांसकट आणून ठेवलं होतं. म्हंजे कैदी नाही पण गड सोडून जायची मुभा नाही. त्यातले काही तर ज्यू होते, हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेले, आणि इथे आल्यावर पासपोर्ट जर्मन म्हणून पुन्हा नजरकैदेत!

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पुकारलं गेलं आणि हिंदुस्थानभरचे जर्मन पुरुष उचलून अहमदनगरच्या छावणीत टाकले. डॉक्टर, मिशनरी, कंपन्यांचे एजंट, नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परत चाललेला गिर्यारोहक हाइनरिश हारर, सगळे एकाच तारेच्या कुंपणात. नाझी आणि नाझींपासून पळालेले शेजारीशेजारी. पण इंग्रजांनी एक केलं, सर माल्कम डार्लिंग ह्यांची समिती नेमली आणि एकेकाला समोर बसवून चौकशी केली, आणि पहिल्या काही महिन्यांतच बऱ्याच जणांना सोडलं.

आता मला जे टोचतंय ते सांगतो. १९६२ साली चीनबरोबर युद्ध झालं तेव्हा आपल्या स्वतंत्र सरकारने आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग इथले चिनी वंशाचे जवळपास ३००० लोक उचलले आणि राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. आसामच्या माकुमला चिनी वस्तीच होती, चहामळ्यांच्या कामासाठी इंग्रजांनी आणलेल्या लोकांची, पिढ्यान् पिढ्या राहिलेली. बायका आसामी, पोरं आसामी शाळेत. रात्री दार वाजवून सांगितलं, थोडे दिवस चला, जुजबी सामान घ्या. तिथून देवळीपर्यंत आठवडाभर आगगाडीचा प्रवास. म्हातारी माणसं, तान्ही पोरं. लढाई थांबली २१ नोव्हेंबर १९६२ ला आणि शेवटचे लोक सुटले १९६७ मध्ये. पाच वर्षं!

माझं म्हणणं एवढंच आहे की युद्धात सरकारने सावध राहावं, संशयिताला धरावं, पण माणूस बघून धरावं, नाक-डोळे बघून नाही. आणि धरलं तर परत घरी पोचवायची जबाबदारीही सरकारचीच. आपल्याला इंग्रजांपेक्षा हे जास्त चांगलं जमायला हवं होतं. मतं सांगा, विरोधी असली तरी चालेल.

तोफखाना
कऱ्हाकाठ, लेख तळमळीने लिहिलाय ते पोचलं. मी फौजेत २४ वर्षं काढली, पूर्वेकडे दोन पोस्टिंग झाली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. ६२ चा नोव्हेंबर तुम्ही कॅलेंडरवर बघताय, तिथल्या लोकांनी तो अंगावर घेतलाय. आत्ताच्या अरुणाचलातलं बोमडिला चिन्यांच्या हाती पडलं तेव्हा आसामातलं तेजपूर रिकामं झालं. बँकेतल्या नोटा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जाळल्या. वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण मोकळे सोडून दिले. सरकारी माणसंच नदी ओलांडून पळत होती. अशा वेळी एका कलेक्टरने प्रत्येक घरी जाऊन चौकशी समिती बसवायची?

तिथला भूगोल बघा. सिलिगुडीची चिंचोळी पट्टी तुटली तर अख्खा ईशान्य भारत गेला. त्या पट्टीच्या आसपास आणि आसामच्या रेल्वेलाइनवर शत्रूच्या वंशाची वस्ती आहे. त्यात एक जरी वायरलेसवाला निघाला तर? ९९ निरपराध असतील, मान्य. पण ज्याच्यावर हद्द राखायची जबाबदारी आहे त्याला उरलेल्या एकाचा विचार करावाच लागतो. आणि ठार तर नाही ना मारले कोणाला, छावणीत ठेवलं, खायला दिलं, नंतर टप्प्याटप्प्याने सोडलं. त्याच युद्धात आपले जवान कापडी बूट घालून बर्फात मेले, त्यांचं कोण लिहिणार.

कऱ्हाकाठ
तोफखाना काका, जवानांबद्दल दुमत नाहीच. आणि त्या महिन्यात घाईत उचललं हे मी एकवेळ समजून घेईन, मला तिथे बसवलं असतं तर मीही घाबरलो असतो. पण तुम्ही जी घाई सांगताय ती नोव्हेंबरात संपली की हो. चिनी सैन्य मागे गेलं. मग डिसेंबरात, जानेवारीत, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी? चार वर्षांच्या पोराला नऊ वर्षांचा होईस्तोवर कुंपणात ठेवायला कुठलं तेजपूर रिकामं होत होतं? आणीबाणी मात्र १९६८ च्या जानेवारीपर्यंत चालू राहिली, कागदावर युद्ध संपलंच नाही. माझा राग ह्या दुसऱ्या भागावर आहे.

वकिलीणबाई
थोडं कायद्याचं, कारण दोघंही भावनेवर आलाय.

आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात अटक झालेल्याला कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या असं आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात लिहिलंय की हे शत्रुदेशीय परक्याला लागू नाही. म्हणजे घटनाकारांनीच युद्धाची सोय करून ठेवली होती, तोफखाना म्हणतात ते इथपर्यंत बरोबर. पण पकडलेल्यांत कित्येक जण इथेच जन्मलेले, भारतीय नागरिक होते, ते परके कसे? तर १९६२ मध्येच कायदा केला की आपल्यावर आक्रमण करणाऱ्या देशाचा जो नागरिक आहे किंवा होता, किंवा ज्याचे आईवडील, आजी-आजोबा ह्यांपैकी कोणीही कधीही तसे होते, त्याला परकीयांचा कायदा लावता येईल. आजी-आजोबा! वाचून बघा परत. म्हंजे तुमचा पासपोर्ट भारताचा, मतदान भारतात, पण आजोबा कँटनहून आले होते तर तुम्ही परके.

दुसरं म्हणजे १९४९ चा चौथा जिनिव्हा करार, युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांच्या संरक्षणाचा. भारताने तो मान्य केला, १९६० ला त्यावर आपला स्वतःचा कायदाही केला. करारातलं कलम ४२ म्हणतं की देशाच्या सुरक्षेसाठी अगदीच गरज असेल तरच कोंडा. कलम ४३ म्हणतं की कोंडलेल्याला न्यायालयाकडून किंवा मंडळाकडून फेरविचार मागता आला पाहिजे आणि तो पुढेही वर्षातून निदान दोनदा झाला पाहिजे. ही काही कोणी आदर्शवादी लोकांनी लिहिलेली गोष्ट नाही, महायुद्ध भोगलेल्या सरकारांनी लिहिलीय, त्यांना युद्ध काय असतं ते माहीत होतं. आणि हा करार नागरिकाने नागरिक म्हणून मागायच्या हक्कांच्या खालची पातळी आहे, परक्यालाही एवढं तरी द्या म्हणणारी. आपल्याच नागरिकांना परके ठरवायचं आणि परक्याचा हक्कही पुरता द्यायचा नाही, हे दोन्ही कसं चालेल?

शनवारवाला
मला वाटतं आपण भारतालाच झोडतोय. जगात कुठल्या सरकारने वेगळं केलंय? अमेरिकेत रूझवेल्टने १९ फेब्रुवारी १९४२ ला हुकूम काढला आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक दहा छावण्यांत टाकले, दोन तृतीयांश तर अमेरिकन नागरिक. सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये ते योग्य ठरवलं. लोकशाहीचं माहेरघर म्हणतात त्या देशाची ही गत. आणि ज्या इंग्रजांचं कौतुक वरती केलंय त्यांनी १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर सगळी चौकशी गुंडाळली. आधी त्यांनी स्वतःच ७०,००० वर जर्मन-ऑस्ट्रियन लोकांचे अ, ब, क असे वर्ग केले होते, बहुतेक सगळे क वर्गात, म्हणजे निर्धोक. तरी मग त्यातल्या हजारोंना उचललं. ‘अरँडोरा स्टार’ नावाच्या बोटीत घालून कॅनडाला पाठवत होते, २ जुलै १९४० ला जर्मन पाणबुडीने ती बुडवली, ८०० च्या वर माणसं गेली. तेव्हा ३००० माणसं जिवंत ठेवून सोडणारं भारत सरकार मला तितकं वाईट वाटत नाही. भीतीत सगळी सरकारं सारखीच वागतात.

वकिलीणबाई
@शनवारवाला तुमच्याच उदाहरणातला अर्धा भाग राहिला. हवाईवर, जिथे प्रत्यक्ष जपानचे बाँब पडले, तिथे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जपानी वंशाचे होते, तिथे सरसकट उचललं नाही. संशयित तेवढे धरले. बेट चाललं, घात काही झाला नाही. मग किनाऱ्यावर कॅलिफोर्नियात सरसकट का? म्हणजे सगळी सरकारं सारखी वागतात हे खरं नाही, एकाच सरकारने दोन ठिकाणी दोन तऱ्हा केल्या. आणि १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. आपल्याकडे आजतागायत एक ओळ नाही.

मंगळुरी_कौल
विषय थोडा बाजूचा वाटेल पण पुण्याशी जुळतो. आमच्या वाड्याची कौलं काढली तेव्हा उलटी करून पाहिली, मागे ठसा, बासेल मिशन, मंगळूर. ही स्विस मिशनची कंपनी, पण कामावर कित्येक जर्मन. पहिल्या महायुद्धात तेही शत्रू ठरले. पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत आणलं, बायकापोरांना वेगळं, आणि १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ नावाच्या बोटीतून युरोपात रवाना केलं. त्यांच्या कौलांच्या भट्ट्या आणि विणकामाचे कारखाने ताब्यात गेले, पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे. ज्यांनी तीस-तीस वर्षं कानडी-मल्याळी शिकून काढली, व्याकरणं आणि शब्दकोश केले, त्यांच्या सहकाऱ्यांना परत येऊ द्यायला युद्धानंतर कितीतरी वर्षं गेली. मी मिशनऱ्यांचा चाहता नाही, धर्मांतराचा मुद्दा वेगळा. पण एक बघा, माणसाला घरी पाठवणं आणि त्याचा धंदा हातात येणं ह्या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात. म्हणून परत पाठवण्याच्या हुकुमाकडे मी जरा सावधपणे बघतो.

चिंचवडचा
पण ६२ वाल्यांना चीनने स्वतः जहाजं पाठवून नेलं ना! १९६३ मध्ये तीन खेपा झाल्या, मद्रास बंदरातून, दोन हजारांहून जास्त लोक गेले. जायचं होतं ते गेले, राहायचं होतं ते राहिले. हा तर न्यायच झाला. उगाच सरकारला दोष द्यायचा.

कऱ्हाकाठ
@चिंचवडचा, ‘जायचं होतं ते गेले’ ह्या वाक्याशी जरा थांबूया. एखाद्याला राजस्थानात कुंपणात ठेवलंय, बाहेर कधी सोडणार माहीत नाही, माकुमचं घर-दुकान लिलावात निघतंय ही बातमी आलीय, आणि एक अधिकारी येऊन विचारतो, चीनला जायचंय का? तो हो म्हणाला तर ती निवड आहे का? कित्येकांना चिनी लिहिता-वाचता येत नव्हतं. बायको आसामी, तिला नवऱ्याच्या गावाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं. काही घरं अशी फुटली की बाप जहाजावर आणि आई-मुलं आसामात. गेले त्यांच्यापुढे तीनच वर्षांत माओची सांस्कृतिक क्रांती उभी राहिली, परदेशातून आलेला म्हणून तिथेही संशयच. इथे चिनी म्हणून आणि तिथे हिंदुस्थानी म्हणून.

लालबहादूर शास्त्री तेव्हा गृहमंत्री होते, ते स्वतः देवळीला जाऊन आले. ह्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यामुळेच जास्त लागतं. इतका साधा, माणसं जाणणारा माणूस त्या पोरांसमोर उभा राहिला आणि तरी ते कुंपण पुढे चार-साडेचार वर्षं राहिलं.

अजून एक, ही देवळीची छावणी काही नवी नव्हती. १९४०-४१ मध्ये इंग्रजांनी तिथेच जयप्रकाश नारायण, कॉम्रेड डांगे ह्यांना विनाखटला डांबलं होतं, जयप्रकाशांचं उपोषण गाजलं होतं. मग मलाया-सिंगापूरकडून आणलेले जपानी नागरिक, जे आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूत कुडकुडत होते, तेही तिथेच. विनाचौकशी कोंडणं म्हणजे काय हे आपल्या पुढाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर सोसलं होतं हो. त्यांना तर सांगायची गरज नव्हती.

तोफखाना
दोन दिवस उत्तर दिलं नाही, विचार करत होतो. चार-साडेचार वर्षांचं समर्थन मी करू शकत नाही, तो मुद्दा सोडतो. पण पहिल्या दिवसाचा सोडत नाही, तसा प्रसंग परत आला तरी मी आधी उचला म्हणेन.

परत पाठवण्याबद्दल मात्र मला प्रत्यक्ष माहिती आहे. ७१ च्या युद्धानंतर आपल्याकडे ९३,००० पाकिस्तानी कैदेत होते, त्यात नागरिकही होते, बायकामुलंही. त्याच वेळी पाकिस्तानात लाखाच्या वर बंगाली अडकलेले, काल परवापर्यंत त्यांच्याच सरकारात सेक्रेटरी, फौजेत मेजर असलेले, एका रात्रीत परके ठरून छावण्यांत गेले. आणि बांगलादेशात उर्दू बोलणारे बिहारी. तीन देश, तीन ठिकाणी अडकलेली माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं आपली आधी सुटावी. २८ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीत करार झाला तेव्हा कुठे गाड्या आणि विमानं हलली. माणसं सोडायची म्हटलं की नुसतं फाटक उघडून होत नाही, घेणाराही लागतो. ते बिहारी बघा, पाकिस्तानने थोडेच घेतले, बाकीचे ढाक्यात मोहम्मदपूरच्या छावणीत पिढ्यान् पिढ्या. बांगलादेशच्या हायकोर्टाने २००८ मध्ये त्यांना नागरिक म्हटलं, ३५ वर्षांनी. तेव्हा भारत सरकारने ७१ ला केलं ते मला चांगलं वाटतं, ते कैदी नीट ठेवले आणि नीट पोचवले, हे पण लिहा कोणीतरी.

कऱ्हाकाठ
लिहितो की. ७१ चं काम अभिमानाचंच आहे. म्हणूनच म्हणतो, ज्या सरकारला ९३,००० परके नियमाने सांभाळून घरी पोचवता आले, त्याला नऊ वर्षं आधी आपले ३००० का नाही जमले.

रंकाळा_ते_कोथरूड
आमच्या कोल्हापूरची गोष्ट इथे हवी. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडचे ५००० निर्वासित होते. त्यांची शाळा, चर्च, दुकानं, सगळं वसवलं. आजोबा सांगायचे की पोलिश बायका बाजारात मराठीत भाव करायच्या. अजूनही त्यांची म्हातारी झालेली मुलं येतात आणि रडतात. म्हणजे एकाच काळात इकडे वळिवड्याला गोरी माणसं पाहुणे आणि तिकडे पुरंदरावर गोरी माणसं शत्रू, आणि दोन्हीकडे घरातून हुसकावलेलीच माणसं होती, पुरंदरावरचे काही हिटलरपासून पळालेले, वळिवड्याचे स्टालिनच्या रशियाने पोलंडमधून हद्दपार केलेले. पासपोर्टचा रंग तेवढा वेगळा. मला ह्यात कोण बरोबर ते कळत नाही, पण हे दोन शेजारी ठेवून बघावंसं वाटलं.

वकिलीणबाई
मालमत्तेचं राहिलं. मंगळुरी_कौल ह्यांचा मुद्दा जुना नाही. शत्रू मालमत्ता कायदा १९६८ चा आहे, अशी मालमत्ता सरकारचा कस्टोडियन म्हणजे ताबेदार अधिकारी सांभाळतो. २०१७ ची दुरुस्ती म्हणते की मूळ मालक एकदा शत्रू ठरला की वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला ती मिळणार नाही. राजा महमूदाबाद (वडील पाकिस्तानचे नागरिक झाले, मुलगा भारतीयच राहिला) ह्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये वारसाच्या बाजूने निकाल दिला होता, तो ह्या दुरुस्तीने निष्प्रभ केला. युद्धं आठवड्यांत, महिन्यांत संपली, शिक्का तिसऱ्या पिढीला लागू आहे. शनवारवाला, भीतीत सगळे सारखे वागतात म्हणालात, पण २०१७ ला कसली भीती होती?

शनवारवाला
ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. ती दुरुस्ती मला माहीत नव्हती.

कॅम्पातली_नात
मी इथे फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं. आमची आजी पुण्याच्या कॅम्पात, म्हणजे कँटोन्मेंटच्या वस्तीत वाढली. तिथे एक चिनी चप्पल-बूटवाले होते, आजी त्यांना मामा म्हणायची. ग्राहकाला खाकी कागदावर उभं करायचे आणि पेन्सिलने पावलाभोवती रेघ मारायचे, अंगठ्यापाशी हाड वर आलेलं असलं तर तिथे एक फुली. मग कागद घडी करून फळीवर, आणि आठ दिवसांनी चप्पल तयार. आजीच्या अंगठ्याला तशी फुली होती म्हणे, दुसऱ्या कुठल्या दुकानातली चप्पल तिला बसायचीच नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा आजीने नुकतंच माप दिलं होतं. त्यांना छावणीत नेलं नाही, पण चौकीवर हजेरी लावायला लागायची, गावाबाहेर जायचं तर परवानगी. लोकांनी दुकानात जाणं बंद केलं. आजोबा म्हणाले, तिकडे जाऊ नकोस, कोणी बघितलं तर काय म्हणतील, नोकरीचा प्रश्न आहे. आजी गेली नाही. मामांनी एका पोराच्या हाती निरोप पाठवला की चप्पल तयार आहे, पैशाची घाई नाही. तरी गेली नाही. काही महिन्यांनी दुकान विकलं गेलं, घरचे सगळे कलकत्त्याला आणि तिथून पुढे कॅनडाला गेले असं नंतर कळलं. जाताना त्या पोराबरोबर त्यांनी तो मापाचा कागद पाठवून दिला, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून करून घेता येईल.

आजी गेल्यावर ट्रंकेत तो कागद सापडला. आजीने हे सगळं मला शेवटच्या वर्षात सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी एकच म्हणायची, मी निदान पैसे तरी द्यायला जायला हवं होतं. तोफखाना काका, तुम्ही म्हणता पहिल्या दिवशी उचलावंच लागतं. मला सिलिगुडीचं काही कळत नाही. पण इथे कॅम्पात कोणी उचललं नव्हतं तरी ते दुकान बंद पडलं, सरकारने नुसतं चौकीवर बोलावलं आणि बाकीचं आमच्याच घरच्यांनी केलं.

तोफखाना
ताई, कागद अजून आहे का?

कॅम्पातली_नात
आहे. घड्यांवर फाटलाय, मी प्लास्टिकमध्ये ठेवलाय. डाव्या पायाची रेघ पुसट झालीय, उजव्याची नीट आहे, अंगठ्यापाशी फुली दिसते. कोपऱ्यात त्यांनी आजीचं नाव मराठीत लिहिलंय, वेलांटी चुकलीय, पण मराठीत.